नामदार गोखले आणि शाळेची पट्टी



शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत शेवटच्या पानांवर इमारत निधीचा हिशेब छापलेला असतो. ती पाने फारसे कोणी वाचीत नाही. देणगीदारांच्या यादीत आपले किंवा आपल्या मामूंचे नाव आले आहे की नाही एवढे पाहिले की पान उलटले जाते. पण वर्गखोली, प्रयोगशाळा, मुलींसाठी स्वच्छतागृह, वाचनालयाची कपाटे, ह्या सगळ्यांचा जन्म त्याच रुक्ष पानांत होतो. पैसा कोठून आणावयाचा? चंदा गोळा करावयाचा, सरकारकडे अनुदान मागावयाचे, गावावर पट्टी बसवावयाची, की कर्ज काढावयाचे? ह्या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेल्या एका पुणेकर शिक्षकाची हकीकत आज तुम्हाला सांगावयाची आहे. त्यांचे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले आहे : नामदार गोपाळ कृष्ण गोखले. परंतु पुस्तकातले गोखले म्हणजे नेमस्त पुढारी, गांधीजींचे राजकीय गुरू. रसीदबुक घेऊन दारोदार फिरणारे आणि पुढे शाळांसाठी कर बसविण्याचा कायदा मागणारे गोखले त्या पुस्तकांत सहसा भेटत नाहीत.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक ह्या गावी झाला. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागल येथे नोकरीस होते. पगार बेताचा, घरात माणसे अधिक. १८७९ साली वडील वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव ह्यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि पंधरा रुपये महिन्याची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये ते धाकट्या भावाला शिकण्यासाठी पाठवीत. पालकहो, हा हिशेब जरा मनात करून पाहा. पंधरातले आठ गेले की सात उरतात, आणि त्या सातांत सगळे घर. आपल्याकडेही एका भावाने गॅरेजमध्ये किंवा बेकरीत राबावे आणि दुसऱ्याने कॉलेजात जावे अशी घरे पुष्कळ आहेत. त्या राबणाऱ्या भावाचा फोटो कोणी लावीत नाही. गोविंदरावांचाही फोटो तुम्ही कधी पाहिला नसेल.

गोपाळरावांना ह्या आठ रुपयांची जाणीव पक्की होती. एका वेळचे जेवण वाचवून, रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचून त्यांनी दिवस काढले असे सांगतात. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असे करीत १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते पदवीधर झाले. एल्फिन्स्टनमध्ये महिना वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून शेवटचे वर्ष सुखाचे गेले. गणिताच्या उदाहरणाची आणि रडण्याची जी गोष्ट तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचली आहे ती येथे पुन्हा सांगत नाही.

त्या काळी पदवीधर तरुणाला सरकारी नोकरीचे दार उघडे होते. भावाचे ऋण फेडावयाचे तर मामलेदारी किंवा वकिली हाच सरळ मार्ग. गोखल्यांनी मात्र १८८५ साली पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षकाची नोकरी धरली आणि लवकरच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होण्याचे ठरविले. आजीव सभासद म्हणजे वीस वर्षे संस्थेची सेवा, आणि वेतन महिना पंचाहत्तर रुपये. घरच्यांना हे पसंत पडले नसेल तर त्यांना दोष देता येणार नाही. गोविंदरावांचा होकार मिळविण्यासाठी गोपाळरावांना बरीच मनधरणी करावी लागली. आपल्या संस्थांत कमी पगारावर शिकविणारे शिक्षक पाहिले की मला हा प्रसंग आठवतो. शिक्षक त्याग करतो असे आपण सहज म्हणतो, पण त्या त्यागाचा अर्धा भार त्याच्या घरचे उचलीत असतात.

ह्या सोसायटीने २ जानेवारी १८८५ रोजी पुण्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू केले. नाव मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांचे, पण जागा? शनिवार पेठेतला गद्रे वाडा. पेशवाईतल्या वाड्याच्या खोल्यांत विज्ञान शिकवावयाचे, तेथेच वाचनालय, तेथेच कचेरी. आगरकर, टिळक, आपटे, गोखले असे शिक्षक असलेले कॉलेज, पण त्याला स्वतःचे अंगण नव्हते. गोखले तेथे इंग्रजी शिकवीत, गणित शिकवीत, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवीत. ज्या विषयाला माणूस नसे तो विषय त्यांच्याकडे येई. गणितात ते इतके रमले की अंकगणिताचे एक पाठ्यपुस्तक लिहिले. ते अनेक वर्षे खपले आणि त्याच्या उत्पन्नाचा त्यांना पुढे आधार झाला.

१८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. मतभेदाची ती कहाणी लांब आहे आणि दोन्ही बाजूंनी खूप लिहिले गेले आहे. आपल्या विषयापुरते एवढेच की १८९१ पासून सोसायटीच्या चिटणीसपदाचा भार पंचवीस वर्षांच्या गोखल्यांवर आला, आणि त्याबरोबर इमारतीच्या पैशाचा भारही आला.

आता ह्या कामाचे स्वरूप नीट पाहा. मुलांना उन्हाळ्याची सुटी लागली की गोखल्यांचा दौरा सुरू होई. संस्थानिक, इनामदार, वकील, व्यापारी, जहागीरदार, ज्याच्याकडे पैसा असेल त्याच्या दारात हे तरुण प्राध्यापक उभे. कोणी ताटकळत ठेवी, कोणी उद्या या म्हणे, कोणी उपदेश करून रिकाम्या हाती पाठवी. गोखले स्वभावाने अतिशय हळवे होते. अपमान त्यांना फार दिवस बोचत राही. अशा माणसाने वर्षानुवर्षे मागण्याचे काम करावे ह्याला काय म्हणावे? ज्यांनी कधी मशिदीच्या किंवा शाळेच्या कामासाठी चंदा मागितला असेल त्यांनाच हे दुःख कळेल. पहिल्या दाराशी जीभ अडखळते, दहाव्या दाराशी ती सरावते, आणि विसाव्या दाराशी एखाद्या म्हातारीने पदराच्या गाठीचा आणा सोडून दिला की डोळे भरून येतात.

वर्गणी, देणग्या आणि सरकारी अनुदान ह्यांच्या जोरावर पुण्याबाहेर, चतुःशृंगीच्या बाजूच्या मोकळ्या माळावर कॉलेजची इमारत उभी राहिली आणि १८९५ साली कॉलेज तेथे गेले. आज पुण्यातील फर्ग्युसन रस्त्यावरून जाताना ती दगडी इमारत आणि मागची टेकडी दिसते. त्या काळी लोकांना ती जागा गावाबाहेर, फार लांब वाटली असणार.

ह्याच काळात आपल्या समाजातील काही थोर माणसे मुंबईत नेमके हेच काम करीत होती. बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली अंजुमन-इ-इस्लाम स्थापन केली. १८८० साली तिची शाळा सुरू झाली आणि १८९३ साली बोरीबंदर स्टेशनासमोर तिची देखणी इमारत उघडली. त्याआधी उत्तरेकडे सर सय्यद अहमद खान ह्यांनी अलीगढच्या कॉलेजसाठी सोडत काढली, मित्रांकडे हट्टाने पैसे मागितले, देणाऱ्यांची नावे दगडांवर कोरून घेतली. सोडत काढल्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. तय्यबजी आणि गोखले दोघेही काँग्रेसचे. तय्यबजी १८८७ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष होते, गोखले १९०५ च्या बनारस अधिवेशनाचे. धर्म वेगळा, पोशाख वेगळा, भाषा वेगळी, पण इमारत निधीचा घोर दोघांचाही एकच.

पण वाचकहो, चंद्यावर उभ्या राहिलेल्या संस्थेची एक मर्यादा असते आणि ती गोखल्यांच्या लक्षात आल्याशिवाय राहिली नाही. चंदा तेथे मिळतो जेथे देणारा असतो. पुण्यामुंबईत श्रीमंत माणूस होता म्हणून तेथे कॉलेज झाले. खेड्यात काय? पुण्याच्या कॉलेजात शिकणारी मुले बहुतेक वरच्या जातींतली होती. आपल्या समाजाची आणि शेतकरी, कारागीर समाजांची मुले तेथे बोटांवर मोजण्याइतकी. हा दोष एकट्या गोखल्यांचा नव्हे, पण तो त्या कॉलेजात होता हे नाकारण्यात अर्थ नाही.

खेड्यांतल्या शाळांसाठी एक पट्टी आधीपासूनच होती, हे तुमच्यापैकी थोड्यांना माहीत असेल. १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकलफंड घेतला जाऊ लागला. त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी आणि बाकीचा रस्ते वगैरे कामांसाठी. म्हणजे आज आपण ज्याला उपकर म्हणतो तोच प्रकार. पाबळ, केंदूरच्या शेतकऱ्यांचे पूर्वज शेतसाऱ्याबरोबर शाळेचा आणा भरीत होते. त्यांची स्वतःची मुले शाळेत जात होती की नाही, हा प्रश्न निराळा. तो प्रश्न महात्मा जोतिराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे विचारला. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा सरकार गोळा करते आणि वरच्या वर्गांच्या शिक्षणावर उधळते, अशी त्यांची रोकठोक तक्रार होती. पट्टी ज्याने भरली त्याच्याच दारात शाळा आली पाहिजे, हा मुद्दा त्यात होता. गोखल्यांच्या पुढच्या कामाकडे पाहताना हा मुद्दा विसरू नका.

मधल्या काळातल्या घटना थोडक्यात सांगतो. १८९७ साली गोखले विलायतेस जाऊन वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्ष देऊन आले. त्याच वर्षी प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमांविषयी त्यांनी केलेले आरोप पुराव्याअभावी मागे घ्यावे लागले व त्यांना फार मनस्ताप झाला. १८९९ साली ते मुंबई कायदेमंडळात गेले. १९०२ साली कॉलेजचा निरोप घेऊन कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात गेले. १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही होते. ह्या शेवटच्या गोष्टीला चरित्रकार फारसे महत्त्व देत नाहीत. मला मात्र वाटते की घरपट्टी कशी बसते, कशी बुडते, गटाराला किती जाते आणि शाळेला किती उरते, हे जवळून पाहिल्यामुळेच त्यांच्या पुढच्या विधेयकात व्यवहार आला.

वरिष्ठ कायदेमंडळात गोखल्यांचे नाव झाले ते अर्थसंकल्पावरील भाषणांमुळे. सरकारी आकडे घेऊन ते सरकारलाच कोंडीत पकडीत. तिजोरीत शिल्लक पडते ती लोकांकडून जरुरीपेक्षा जास्त कर घेतल्यामुळे, हा त्यांचा सिद्धांत. मिठावरचा कर कमी करा म्हणून त्यांनी वर्षामागून वर्षे धरणे धरले. १९०३ साली तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया. गरिबाच्या ताटातले मीठ स्वस्त करणारा हा माणूस होता, हे लक्षात ठेवा, कारण ह्याच माणसाने थोड्याच वर्षांनी नवा कर सुचविला.

तो कर कशासाठी? १९०४ साली लॉर्ड कर्झनच्या सरकारने शिक्षणविषयक ठराव प्रसिद्ध केला. त्यात सरकारनेच कबूल केले होते की देशातील पाच गावांपैकी चार गावांत शाळा नाही, चार मुलांपैकी तीन मुले शिक्षणावाचून वाढतात, आणि चाळीस मुलींमधली एकच शाळेत जाते. १९११ च्या जनगणनेत लिहितावाचता येणारी माणसे शंभरात सहासुद्धा भरली नाहीत. आणि इकडे आपल्या शेजारच्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू करून १९०६ साली ते सबंध संस्थानात नेले होते. एका संस्थानिकाला जे जमते ते इंग्रज सरकारला का जमू नये, असा सवाल गोखल्यांनी सभागृहात टाकला.

मार्च १९१० मध्ये त्यांनी ठराव आणला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिले तेव्हा तो मागे घेतला. १६ मार्च १९११ रोजी मात्र त्यांनी विधेयकच मांडले. विद्यार्थी मित्रांनो, हे विधेयक कसे होते ते नीट समजून घ्या, कारण ह्यात आपल्या विषयाचे मर्म आहे.

सबंध देशावर एकदम सक्ती करावी असे त्यात नव्हते. ज्या गावच्या नगरपालिकेची किंवा लोकलबोर्डाची तयारी असेल तिने, सरकारची मंजुरी घेऊन, आपल्या हद्दीत ही सक्ती लागू करावी. तीसुद्धा जेथे बऱ्यापैकी मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपासून आरंभ. मुलींना पुढे सावकाश. ज्या आईबापांचे उत्पन्न महिना दहा रुपयांहून कमी त्यांच्या मुलाला फी माफ. आणि खर्च? एक हिस्सा गावाने, दोन हिस्से सरकारने उचलावेत अशी गोखल्यांची मांडणी होती. गावाचा हिस्सा उभा करण्यासाठी स्थानिक संस्थेला खास शिक्षणपट्टी बसविण्याचा अधिकार विधेयकाने दिला होता.

म्हणजे गावाने आपल्या शाळेसाठी स्वतःवर कर लावून घ्यावयाचा. वरून लादलेला कर नव्हे, गावच्या सभासदांनी ठरविलेला. मिठाच्या करात आणि ह्या पट्टीत गोखल्यांना फरक दिसत होता. मिठाचा कर गरिबाकडून निघून दूरच्या तिजोरीत जातो आणि त्याचे काय होते ते देणाऱ्याला कळत नाही. शाळेची पट्टी गावातून निघून गावातच भिंत, छप्पर आणि मास्तर होऊन उभी राहते, आणि गावाने एक दिला की सरकारला दोन द्यावे लागतात.

विरोध चोहोकडून झाला. सरकारचे म्हणणे, पैसा नाही, लोकांची मागणी नाही, प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत, लोक नवा कर सोसणार नाहीत. काही जमीनदारांना भीती की कुणबी शिकला तर शेतावर कोण राबणार. हे त्यांनी आडून आडून सांगितले, पण अर्थ स्पष्ट होता. आपल्या समाजातील काही सभासदांची शंका वेगळी होती. सक्तीच्या शाळेत आमच्या मुलांवर परकी भाषा लादली जाईल, उर्दूचे काय, असा त्यांचा प्रश्न. ही शंका गैरवाजवी नव्हती. आजही आपल्या पालकांच्या मनात ती असते. गोखल्यांनी ती उडवून लावली नाही. तिचे समाधान होईल अशी तरतूद विधेयकात करण्याची त्यांनी तयारी दाखविली. आणि दुसऱ्या बाजूला, बॅरिस्टर महंमदअली जिना आणि बिहारचे मजहरुल हक हे दोन मुसलमान सभासद गोखल्यांच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. जिना त्या वेळी मुंबईच्या मुसलमानांचे प्रतिनिधी होते. पैसा नाही ही सबब त्यांनी मुळीच मानली नाही. लागला तर कर बसवा, पण पैसा उभा करा, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्या राजकारणाने हे सगळे झाकून गेले.

डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहांनी लोकशिक्षणासाठी पन्नास लाख रुपये जाहीर केले. पुष्कळांना वाटले, आता कायद्याची गरजच काय? गोखल्यांचे मत तसे नव्हते. दरबारात मिळालेली देणगी आणि कायद्याने मिळालेला हक्क ह्यांतला भेद त्यांना समजत होता. देणगी यंदा आहे, पुढल्या वर्षी असेल का?

मार्च १९१२ मध्ये विधेयक प्रवर समितीकडे पाठवावे अशी सूचना त्यांनी मांडली. मागणी फार मोठी नव्हती, निदान समितीत तपासून तरी पाहा एवढीच. दोन दिवस चर्चा झाली. मते पडली : बाजूने तेरा, विरुद्ध अडतीस. सरकारी सभासदांचे बहुमत असलेल्या सभागृहात दुसरे काय होणार? निकाल काय लागणार हे गोखल्यांनाही ठाऊक होते. तरीही भाषणाची तयारी त्यांनी परीक्षेला बसणाऱ्या मुलासारखी केली होती. त्यांना मधुमेह होता, प्रकृती ढासळत होती, डॉक्टर विश्रांती घ्या म्हणत होते. पराभवानंतर त्यांनी आदळआपट केली नाही. त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन तेथील हिंदी लोकांची, त्यांत बरेच गुजराती मुसलमान व्यापारीही होते, गाऱ्हाणी ऐकून आले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस.

येथे मी माझे एक मत नोंदवितो, कोणाला पटो वा न पटो. विधेयकात मुलींना पुढच्या पायरीवर ठेवले ही त्यातली उणीव होती. सर्वांना एकदम घेतले तर विरोध वाढेल म्हणून गोखल्यांनी ते केले असेल, पण तेरा मतेच मिळावयाची होती तर ती पुऱ्या मागणीवर मिळाली असती तरी काय बिघडले असते? बद्रुद्दीन तय्यबजींनी आपल्या मुलींना त्याच्या कितीतरी आधी शाळेत घातले होते.

गोखले गेल्यावर तीन वर्षांनी, १९१८ साली, मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांनी जवळजवळ त्याच धर्तीचा कायदा संमत करून घेतला. नगरपालिकांना आपल्या हद्दीत सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा आणि त्यासाठी शिक्षणपट्टी बसविण्याचा अधिकार मिळाला. ब्रिटिश हिंदुस्थानातला असा हा पहिला कायदा. स्वराज्यानंतर १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यांतल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्याच वर्षीच्या कायद्याने शहरांतील घरे व जमिनींवर राज्याचा शिक्षण उपकर बसला. पुढे त्याला रोजगार हमीचा उपकर जोडला गेला. पुण्यात किंवा पिंपरीत तुमचे कोणी नातेवाईक राहात असतील तर त्यांच्या मिळकतकराच्या बिलात शिक्षण उपकराची ओळ शोधून पाहा. २००२ साली घटनेत दुरुस्ती होऊन शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा अमलात आला. गोखल्यांच्या विधेयकापासून शंभर वर्षे भरावयास एकच वर्ष उरले होते.

हे झाले प्राथमिक शाळेचे. कॉलेजच्या इमारतीसाठी मात्र आपल्याकडे अजून गोखल्यांच्या दौऱ्याचाच मार्ग मुख्यत्वे चालू आहे : देणगी आणि अनुदान. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात निराळी रीत आहे. ती सांगण्यासारखी आहे. तेथे दोन वर्षांच्या शिक्षणाची, गावच्या मुलांसाठी असलेली सार्वजनिक कॉलेजे असतात. त्यांच्या जिल्ह्याचे निवडून आलेले मंडळ असते. इमारत जुनी झाली, प्रयोगशाळा अपुरी पडली, की मंडळ लोकांपुढे प्रश्न ठेवते : कर्जरोखे काढून इतका पैसा उभारावा काय? त्यावर मतदान होते. २००० साली तेथील मतदारांनी ठरविलेल्या नियमाप्रमाणे शंभरांत पंचावन्न मते बाजूने पडली की रोखे काढता येतात. कर्ज पुढे वर्षानुवर्षे त्या भागातल्या घरांच्या व जमिनींच्या करातून फिटते. त्या पैशातून इमारत व साहित्यच घ्यावयाचे, पगार द्यावयाचे नाहीत. दरवर्षी हिशेबतपासणी होते आणि खर्चावर नागरिकांची समिती नजर ठेवते. आज वर्गखोली मिळते आणि तिचे पैसे तिचा उपयोग करणारी पुढची पिढीही थोडे थोडे भरते, ही त्यातली सोय. आणि कर्ज म्हटले की व्याज आलेच, ही त्यातली अडचण. व्याजाच्या प्रश्नावर आपल्या समाजात काय मत आहे ते सर्वांना ठाऊक आहे, त्याची चर्चा येथे करीत नाही.

कर्जरोखे आपल्याकडे अगदीच अनोळखी नाहीत. २०१७ साली पुणे महानगरपालिकेने पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी रोखे काढून पहिल्या खेपेस दोनशे कोटी रुपये उभे केले. मात्र ते रोखे काढावेत की नाही हे पुणेकरांना मतपेटीतून विचारलेले नव्हते. ते महापालिकेने ठरविले. गोखल्यांच्या विधेयकातही पट्टीचा निर्णय गावच्या निवडक सभासदांकडे होता, प्रत्येक घराकडे नव्हता. पट्टी भरणाऱ्याला थेट विचारावे, ही पायरी ते चढले नाहीत. त्या काळी मतदानाचा हक्कच मूठभरांना होता, हेही खरे.

आता आपल्या गावाकडे पाहू. मस्तानीच्या कबरीमुळे पाबळचे नाव दूरवर माहीत आहे. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी ह्याच पाबळमध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकावे, शिकता शिकता गावाच्या उपयोगी पडावे, ही त्यांची पद्धत. एक शास्त्रज्ञ मुंबई सोडून पाबळच्या माळावर येऊन राहतो हे गोखल्यांना आवडले असते असे मला वाटते, कारण पंचाहत्तर रुपयांवर राहणारी माणसे त्यांच्याच सोसायटीत होती.

पालकहो, २०१० साली अमलात आलेल्या ह्या कायद्यात एक कलम आहे ते तुम्ही अवश्य जाणून घ्या. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात चार सभासदांपैकी तीन विद्यार्थ्यांचे आईबाप वा पालक असले पाहिजेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. ह्या समितीने शाळेचा विकास आराखडा तयार करावयाचा असतो. खोल्या किती कमी आहेत, संरक्षक भिंत आहे की नाही, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे की नाही, पाणी येते की नाही, हे त्यात लिहावयाचे, आणि सरकारकडून शाळेला द्यावयाच्या अनुदानाचा आधार तोच आराखडा. समितीच्या सभा होतात, इतिवृत्त लिहिले जाते, सह्या घेतल्या जातात. आपल्या वस्तीतल्या किती आयांनी त्या वहीत सही करण्यापूर्वी वरचा मजकूर वाचून घेतला आहे, हे एकदा घरी विचारा.